अद्भुत आणि विसावा

मुलांच्या सुटीचे दिवस जवळ आले म्हणजे घरोघरीं एकच प्रश्न उभा राहतो : यंदा कोठें जावयाचें? आमच्या लहानपणीं या प्रश्नाचें उत्तर आजोळ हें ठरलेलें असे. आतां आजोळ आणि घर पुष्कळदां एकाच शहरांत असतें. त्यामुळें थीम पार्क म्हणून जीं करमणुकीचीं मोठीं उद्यानें निघालीं आहेत, त्यांचेंच नांव मुलांच्या तोंडीं प्रथम येतें. वडील मंडळी तें नांव ऐकून नाक मुरडतात. आम्हीही मुरडीत होतों. परंतु गेल्या नाताळच्या सुटींत घरचीं अकरा माणसें मिळून आम्ही अशा एका उद्यानांत दिवस घालवून आलों, आणि तेव्हांपासून या विषयाचा जो विचार मनांत घोळत आहे तो वाचकांपुढें ठेवावा असें वाटतें.

त्या उद्यानाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तेथील यंत्रें उत्तम होतीं आणि नोकरही सभ्य होते. सकाळीं दहा वाजल्यापासून मुलें एका पाळण्यांतून उतरून दुसऱ्या गाडींत बसत होतीं. परंतु प्रत्येक खांबावर कर्णा होता, व एका कर्ण्यांतील गाणें संपण्यापूर्वींच दुसऱ्याचें कानावर आदळत होतें. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आमच्या वहिनींना सावलींत टेंकावयास बाक मिळेना. दुपारीं तीनच्या सुमारास आमचा नऊ वर्षांचा नातू क्षुल्लक कारणावरून रडूं लागला. काय काय पाहिलेंस, असें विचारलें तर त्यास कांहींच सांगतां येईना.

शेवटीं उपाहारगृहाच्या मागल्या अंगास एक कडुनिंबाचें झाड सांपडलें. वहिनी त्याच्या बुंध्याशीं बसल्या आणि नातू त्यांच्या मांडीवर डोकें ठेवून पडला. अर्धी घटका कोणी बोललें नाहीं. मग तो आपण होऊनच सांगूं लागला : गाडी अंधाऱ्या बोगद्यांत शिरली, समोर राक्षसाचे डोळे चमकले, सगळे ओरडले.

"मग तूं रे काय केलेंस?" वहिनींनीं विचारलें.

"मीं दादाचा हात धरला. पण तें कोणाला सांगूं नकोस, आजी."

त्या दिवसाचें सारें मोल आम्हांस त्या एका वाक्यांत मिळालें. बोगद्यांतली भीति आणि मौज त्याला झाडाखालीं आल्यावर प्रथम आपलीशी वाटली.

संस्कृत साहित्यशास्त्राशीं ज्यांचा परिचय आहे, त्यांना यांत नवल वाटणार नाहीं. भरतानें नाट्यशास्त्रांत आठ रस सांगितले. त्यांपैकीं अद्भुताचा स्थायी भाव विस्मय. शांत हा नववा रस पुढील आचार्यांनीं मानिला, आणि काश्मीरच्या अभिनवगुप्तानें तर सर्व रसांचें मूळ शांतांतच पाहिलें. त्याच काश्मीरांत नवव्या शतकांत होऊन गेलेल्या आनंदवर्धनानें 'ध्वन्यालोकां'त कवींना इशारा दिला आहे, कीं रस प्रसंग पाहून चेतवावा तसा प्रसंग पाहून निववावाही. पुरता परिपोष झालेला रस पुन्हा पुन्हा चाळविला, तर हाताळून कोमेजलेल्या फुलासारखी त्याची अवस्था होते. आमच्या नातवाचें तीन वाजतां नेमकें हेंच झालें होतें.

हा धंदा ज्यानें आजच्या रूपास आणिला, त्या वॉल्ट डिस्नेला हें मर्म उमगलें होतें असें दिसतें. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं ॲनाहाइम येथें त्याचें डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजीं उघडलें. भोंवतालचें शहर दिसूं नये म्हणून त्यानें उद्यानास मातीचा उंच बांध घातला, व त्यावरून एक लहानशी आगगाडी फिरविली. आंत शिरतांच सरळ रस्ता आणि त्याच्या टोकास परीकथेंतला राजवाडा. तो पाहुण्याचे पाय पुढें ओढतो. हें झालें अद्भुत. राजवाड्यापुढील चौकांतून निरनिराळ्या प्रदेशांकडे वाटा फुटतात : एकीकडे अरण्य, एकीकडे परीकथा, एकीकडे उद्यांचें जग. प्रदेश बदलला कीं झाडें बदलतात, वाद्यें बदलतात, पायांखालची फरसबंदी देखील बदलते. ही झाली तन्मयता. पुढें २०१९ सालीं 'स्टार वॉर्स' या चित्रपटांवरून तेथें १४ एकरांचा एक प्रदेश रचिला, त्यांत तर दुकानदारसुद्धां त्या काल्पनिक जगाचे रहिवासी होऊन बोलतात. परंतु आम्हांस सर्वांत शहाणपणाचें वाटतें तें १९५६ सालचें काम. त्या वर्षीं डिस्नेनें आपल्या उद्यानांतील नदीच्या मधोमध एक बेट खुलें केलें. तेथें तराफ्यावरून जावयाचें. गाडी नाहीं कीं पाळणा नाहीं. गुहा, पायवाटा आणि झाडें. मुलांनीं मनास येईल तसें हिंडावें.

हॉलंडांतील एफ्टेलिंग हें उद्यान तर याच्या उलट टोंकाकडून वाढलें. १९५२ सालीं अंतोन पीक या चित्रकाराच्या कल्पनेप्रमाणें तेथें वनांतील वळणावळणांच्या वाटांवर दहा परीकथांचे देखावे उभारले. वेगानें धांवणाऱ्या गाड्या मागाहून आल्या. परंतु तें परीकथांचें वन आजही उद्यानाचा जीव आहे.

आपल्याकडे खोपोलीजवळ २०१३ सालीं 'इमॅजिका' निघालें. तेथील एका जलसफरीला 'राजासॉरस' हें नांव दिलें आहे. गुजरातेंत ज्याचे अवशेष सांपडले त्या प्राचीन महाकाय सरड्याचें तें नांव. आपल्याच मातींतील कथा घेतली म्हणजे तन्मयता लवकर येते, हें ओळखल्याचें तें चिन्ह होय.

हा विचार चालूं असतां नाताळची सुटी संपण्यापूर्वीं आम्ही सर्वांना घेऊन वेरुळास गेलों. तें आमच्या शहरापासून सुमारें तीस किलोमीटरांवर आहे, आणि शिक्षक या नात्यानें मुलांच्या किती सहली तेथें नेल्या याची गणतीच नाहीं. तीर्थ आणि करमणूक एका तागडींत घालावयाचीं नाहींत, हें आम्ही जाणतों. तथापि पाहणाऱ्याच्या मनाची रचना दोहीं ठिकाणीं एकच, आणि तिची पारख वेरुळच्या शिल्पकारांना पुरेपूर होती.

कैलास लेणें राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या कारकीर्दींतलें, म्हणजे इसवी सनाच्या आठव्या शतकांतलें. डोंगर वरून खालीं कोरीत आणून एकाच खडकांतून तें सबंध मंदिर मोकळें केलें आहे. पण बाहेरून तें एकदम दिसत नाहीं. दुमजली गोपुराची भिंत आड येते. दरवाजांतून आंत गेलें तरी समोर येते ती गजलक्ष्मी : कमळांच्या तळ्यांत बसलेली, वरून हत्ती पाणी घालताहेत. तिला वळसा घालून अंगणांत आलें, कीं मग तो दगडी हत्ती, तो उंच ध्वजस्तंभ आणि मागें आकाशाला भिडलेलें शिखर! आमच्या नातवानें मान वर केली ती कितीतरी वेळ खालीं घेतली नाहीं. पुढें दक्षिणेच्या अंगास रावण कैलास हालवीत आहे. त्यानंतर जिना चढून सोळा खांबांच्या मंडपांत गेलें, कीं उजेड कमी होतो, आवाज बसतो, आणि अंधाऱ्या गाभाऱ्यांत एका शिवलिंगावांचून कांहीं नाहीं. अद्भुताच्या अखेरीस शिल्पकारांनीं काळोख आणि स्वस्थता ठेविली आहे. शिवाय मंडपाच्या दोहों अंगांस सज्जे आहेत. पाहून थकलेल्यानें तेथें वाऱ्यावर उभें राहावें.

आणि ही एका लेण्याची गोष्ट झाली. चौंतीस लेण्यांची ती रांग बौद्ध, हिंदु आणि जैन अशा तीन प्रदेशांची आहे. दहाव्या लेण्यांत दगडाच्या फांसळ्यांखालीं बसलेल्या बुद्धासमोर हळू आवाजांत काढलेला स्वरही कमानींत घुमत राहतो. इंद्रसभेंत आम्रवृक्षाखालीं अंबिका बसलेली आहे. वहिनी त्या अंबिकेसमोर बराच वेळ बसून होत्या. परततांना नातू आम्हांस म्हणाला, "आजोबा, इथें कोणी 'पुढें चला' म्हणत नाहीं." त्याची ही टीका आम्हांस कोणत्याही पंडिताच्या अभिप्रायाइतकीच मोलाची वाटते.

उद्यानें चालविणाऱ्यांची अडचण आम्हांस कळत नाहीं असें नाहीं. नव्या यंत्राची जाहिरात करतां येते. झाडाखालच्या बाकाची करतां येत नाहीं. हिशेबाच्या वहींत ती जागा रिकामी दिसते. परंतु माणसें पुन्हा येतात तीं आठवणीच्या ओढीनें, आणि आठवण मुरावयास निवांत जागा लागते. दुसरें असें, कीं यंत्र आज ना उद्यां जुनें होतें. झाड वर्षागणिक वाढतें. पैठणास नाथसागराच्या पायथ्याशीं म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवर संत ज्ञानेश्वर उद्यान केलें, तेव्हां लोक रंगीत कारंज्यांचें कौतुक करीत. आम्हांस मात्र तेथली आठवण आहे ती धरणाकडून येणाऱ्या गार वाऱ्याची.

तेव्हां मुलांनीं अशा उद्यानाचें नांव काढलें, तर वडिलांनीं नाक मुरडूं नये, बरोबर जावें. मात्र दिवसाची आंखणी आपल्या हातीं ठेवावी. सकाळीं मोठें अद्भुत पाहावें. दुपारीं गर्दीपासून दूर सावली शोधून घरांतील सर्वांत वृद्ध माणसाजवळ मुलांना तासभर बसवावें. आणि तिकिटाचे पैसे वसूल करण्याच्या हट्टानें शेवटचा खेळ शेवटच्या घटकेपर्यंत ओढूं नये. एखाददुसरी गोष्ट पाहावयाची राहिली तर राहूं द्यावी. वहिनी अलीकडे फारशा घराबाहेर पडत नाहींत. नातू शाळेंतून आला कीं त्यांच्याजवळ बसतो, आणि अंधाऱ्या बोगद्याची ती गोष्ट अजूनही हळू आवाजांत त्या दोघांत चालते.