मामा तलावाची पाळ

‘मामा तलाव’ हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले, तेव्हा मला आजोळ आठवलं. कुणा प्रेमळ मामानं भाच्यांसाठी तलाव खोदला असावा, अशी एक गोड गोष्ट मी मनातल्या मनात रचूनही टाकली. भंडारा जिल्ह्यात साकोलीकडच्या एका गावी मी ज्या स्नेह्यांकडे उतरलो होतो, ते मोठ्यानं हसले. म्हणाले, "मामा कसले? मा. मा. म्हणजे माजी मालगुजारी. सरकारी कागदावरचं नाव आहे ते."

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळा झाडीपट्टीचा मुलूख. पाऊस भरपूर, पीक धानाचं. पण धानाला पाणी लागतं ते वेळेवर. ऐन लोंबी भरायच्या वेळी पावसानं दडी मारली, तर आधीचा धो धो पाऊस काय कामाचा? म्हणून या मुलखानं पाणी अडवायला सुरुवात केली. दोन टेकड्यांमधल्या सखल जागी मातीची पाळ घालायची आणि वरचं पाणी थोपवायचं. गोंड राजांच्या आश्रयानं हे काम अनेक पिढ्या चाललं आणि त्यात कोहळी समाजाचा वाटा मोठा होता. नवेगावबांधचा प्रचंड जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं परंपरा सांगते. असे लहानमोठे सहा-सात हजार तलाव पूर्व विदर्भात झाले. त्यातले बहुतेक अगदी लहान, एका गावापुरते.

पुढं इंग्रजी अमलात मालगुजारांना गावाच्या जमिनीची मालकी मिळाली, आणि तलावही त्यांच्या मालकीचे झाले. म्हणजे आजच्या भाषेत, खासगी मालकीची मातीची धरणं! स्वातंत्र्यानंतर मालगुजारी रद्द करणारा कायदा १९५० साली झाला, तो १९५१ साली अमलात आला आणि तलाव सरकारकडं गेले. आता लहान तलाव जिल्हा परिषदेकडं आहेत, मोठे पाटबंधारे खात्याकडं.

मी गेलो ते ऑगस्टचे दिवस होते. दोन दिवस झड लागली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी थोडं उघडलं, तेव्हा स्नेह्यांनी मला शेजारच्या आजोबांच्या स्वाधीन केलं. आजोबा नव्वदीला आलेले, पण काठी टेकत तुरुतुरु चालणारे. त्यांचे वडील मालगुजाराच्या वेळी पाळीवर राखणीला होते. सोबत त्यांचा दहावीतला नातू होता.

गावाच्या वरच्या अंगाला तलाव, मग पाळ, पाळीखाली धानाच्या बांध्या आणि बांध्यांना लागून घरं. पाळीवर उभं राहिलं, की डाव्या हाताला काठोकाठ पाणी दिसतं आणि उजव्या हाताला, बरंच खाली, कौलांतून निघणारा चुलीचा धूर. मधे फक्त माती. ते दृश्य सुंदर होतं, पण माझ्या पोटात जरा कालवलं.

आजोबांचं पाण्याकडं लक्षच नव्हतं. ते पाळीच्या खालच्या उतारावर काठीनं गवत बाजूला सारत चालले होते. एका जागी थांबले. तिथं जमीन ओली होती आणि करंगळीएवढी धार झुळझुळत होती. आजोबा खाली बसले. धारेखाली ओंजळ धरली आणि कितीतरी वेळ त्या पाण्याकडं बघत राहिले. मग नातवालाही ओंजळ धरायला लावली.

"काय दिसते?"

"काई नाई. साफ पानी आहे."

"साफ आहे तं भेव नाई. गढूळ दिसलं, का धावत गावात जायचं."

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पाळ पानी पिते जी. पिऊ द्यावं. माती खाल्ली, का मंग ते आयकत नाई."

नंतर ओळखीच्या एका निवृत्त अभियंत्यांना मी हा प्रसंग सांगितला. ते म्हणाले, "म्हाताऱ्यानं आमचं अर्धं पुस्तक दोन वाक्यांत सांगितलं." मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपतंच. ते नितळ आहे तोवर माती जागेवर आहे. पण ते मातीचे कण घेऊन बाहेर येऊ लागलं, की आत नळी कोरली जाते. ती खालच्या अंगाकडून हळूहळू मागं, तलावाच्या दिशेनं सरकते. एकदा का ती साठ्याला भिडली, की मग काही तासांचाच प्रश्न. झाडाचं मूळ कुजलं, उंदराघुशींनी बीळ केलं, तर नळीला आयतीच वाट मिळते. दुसरा धोका वरून. दगडी धरणावरून पाणी गेलं तरी ते एक वेळ टिकेल. मातीच्या पाळीवरून गेलं, तर ते पाळच धुऊन नेतं. म्हणून सांडवा मोकळा हवा. मासे निसटू नयेत म्हणून तिथं जाळी लावणं किंवा जास्त पाणी साठावं म्हणून रेतीची पोती रचणं म्हणजे गावावर संकट ओढवून घेणं.

परतताना मी आजोबांना विचारलं, "मालगुजाराच्या वेळी तलाव चांगले होते, असं सगळे म्हणतात. खरं आहे का?"

आजोबा जरा थांबले. "पाळ चांगली होती. आमचे हाल होते. माती आमच्या बापानं टाकली, वेठीनं. पानी मालकाच्या मर्जीचं. पन तलाव फुटला तं नुकसान मालकाचं होत होतं, म्हनून मालक पाळीवर फिरत होता. आता सरकार काई पाळीवर फिरत नाई."

मला हे उत्तर फार महत्त्वाचं वाटलं. जुनं ते सोनं म्हणण्याची आपल्याला सवय असते. आजोबांनी तो मोह टाळला होता. मालगुजारी गेली ते चांगलंच झालं. एका माणसाच्या मर्जीवर गावाचं पाणी असू नये. पण तलावाची मालकी कागदावर बदलली, तेव्हा पाळीवरून रोज चालणारी पावलंही थांबली. त्यांची सोय कुणी केली नाही. आज कितीतरी तलाव गाळानं उथळ झालेत, काठानं बेशरम माजलीय, पाळींवर झाडं वाढलीत.

हे काही झाडीपट्टीपुरतं नाही. १२ जुलै १९६१ ला फुटलेलं पानशेत मातीचंच होतं. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरणही मातीचं, आणि लहानसं. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटलं आणि खालच्या वाडीतली वीसच्या आसपास माणसं गेली. गळती होत असल्याच्या तक्रारी आधीच केल्या होत्या, असं गावकऱ्यांनी सांगितलं. खेकड्यांनी धरण पोखरलं, असं तेव्हा एक मंत्री म्हणाले आणि महाराष्ट्र हसला. पण खेकड्याचं बीळ असलंच, तर ते वेळेवर बघणारं माणूस कुठं होतं, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

२०२१ साली देशात धरण सुरक्षा कायदा झाला, ही चांगलीच गोष्ट. पण तो लागू होतो पंधरा मीटर आणि त्याहून उंच धरणांना, आणि दहा ते पंधरा मीटरांमधल्या काहींना. गावची ठेंगणी पाळ त्याच्या नजरेत येतच नाही. पाळीखाली झोपणाऱ्या माणसाला मात्र पाणी पाच मीटरवरून आलं काय आणि पंधरावरून आलं काय, फारसा फरक पडत नाही.

मग करायचं काय? प्रत्येक लहान तलावाला अभियंता मिळणार नाही, हे उघड आहे. पण एक राखणदार मिळू शकतो. गावातलाच, चार महिने रोज पाळीवरून चालणारा, त्याबद्दल ग्रामपंचायतीकडून मानधन घेणारा. आणि त्यानं कळवल्यावर ज्यानं यायलाच हवं असा एक अधिकारी, ज्याचं नाव गावाला ठाऊक आहे. याला फार पैसे लागत नाहीत.

निघायच्या दिवशी पहाटे पुन्हा सर आली. मी जागा झालो तेव्हा शेजारच्या अंगणात कंदिलाचा उजेड हलत होता. आजोबांचा नातू डोक्यावर पोतं घेऊन बाहेर पडत होता. मी विचारलं, "इतक्या लवकर कुठं रे?"

"पाळीवर," तो म्हणाला. "आजा म्हनते, पानी पाहून ये."