कर्ज बायकोच्या नावावर, मग हप्ता कुणाचा? नवरा-बायकोच्या पैशांचा हिशेब समजून घ्या

भंडारा जिल्ह्यात पाऊस लागला की धानाची रोवणी सुरू होते. चिखलणी, खत, मजुरी असा सगळा खर्च एकदम अंगावर येतो. धान विकून पैसा हाती यायला मात्र दिवाळी उजाडते. मधली गरज भागवायला अनेक घरांत बायकोच्या नावावर बचत गटातून किंवा मायक्रोफायनान्स कंपनीकडून कर्ज घेतलं जातं, नाहीतर तिचे दागिने गहाण पडतात. सातबारा मात्र बहुतेक वेळा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असतो.

म्हणजे जमीन एकाची, कर्ज दुसरीचं. मग हप्ता थकला तर जबाबदार कोण?

ज्याची सही, त्याची जबाबदारी

लग्न झालं म्हणून एकाचं कर्ज आपोआप दुसऱ्याचं होत नाही. कर्ज बायकोच्या नावावर असेल, तर पैसे कुणीही वापरले तरी वसुली तिच्याकडूनच होते आणि थकबाकीची नोंदही तिच्याच नावावर होते. गटकर्जात तर एकीचा हप्ता चुकला की गटातल्या इतर बायांवर भार येतो.

सहकर्जदार म्हणून सही केली, तर दोघंही पूर्ण कर्जाला बांधील असतात. जामीनदाराचंही तसंच. १८७२ च्या करार कायद्यातल्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. त्यामुळे "फक्त सही कर" हे वाटतं तितकं साधं नाही.

रिझर्व्ह बँक काय सांगते?

२०२२ पासूनच्या नियमांनुसार, वर्षाला ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं विनातारण कर्ज हे मायक्रोफायनान्स कर्ज ठरतं. इथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत. म्हणून एकमेकांपासून कर्ज लपवलं, तर ही मर्यादा कधी ओलांडली हे घरात कुणालाच कळत नाही.

दागिने कुणाचे?

माहेरून मिळालेलं सोनं हे स्त्रीधन. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं की, त्यावर नवऱ्याचा हक्क नसतो. अडचणीत त्याने ते वापरलं, तरी ते किंवा त्याची किंमत परत करणं ही त्याची नैतिक जबाबदारी आहे.

निम्मं-निम्मं म्हणजे न्याय?

समजा, नवरा महिन्याला १२ हजार कमावतो, बायको ६ हजार आणि हप्ता ३ हजारांचा आहे. दोघांनी दीड-दीड हजार भरले, तर तिच्या कमाईचा चौथा हिस्सा जातो, त्याचा फक्त आठवा. कमाईच्या प्रमाणात भरायचं ठरलं, तर त्याने २ हजार आणि तिने १ हजार द्यायचे.

पण इथे एक गोष्ट सुटते. दुसऱ्याच्या बांधीत रोवणी केली की बाईला मजुरी मिळते, स्वतःच्या घरच्या बांधीत केली की काहीच नाही. स्वयंपाक आणि लेकरांचं करणंही हिशेबात येत नाही. तिची कमाई कमी दिसते, कष्ट कमी नसतात. त्यामुळे शेतीसाठी घेतलेलं कर्ज आधी धानाच्या पैशातूनच फेडणं जास्त न्याय्य ठरतं.

आजच काय करता येईल?

- एका वहीत प्रत्येक कर्ज लिहा: कुणाच्या नावावर, कशासाठी, हप्ता किती, कोण भरणार.
- क्रेडिट रिपोर्ट दोघांचाही काढा. प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून तो वर्षातून एकदा मोफत मिळतो.
- जमीन नवऱ्याच्या नावावर असेल, तर लक्ष्मी मुक्ती योजनेची तलाठ्याकडे चौकशी करा. १९९२ च्या या योजनेत नवरा स्वखुशीने बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावू शकतो.

कर्जाच्या कागदावर तिची सही चालते. मग जमिनीच्या कागदावर तिचं नाव का नको, हा प्रश्न पुढच्या रोवणीआधी घरात एकदा तरी विचारायला हवा.