रोग झाल्यावरची लस

दिवाळीच्या सुट्टीत पिंपळगाव रेणुकाईला मामांकडे गेलो होतो. त्यांना यकृताचा कर्करोग झाल्याचे निदान नुकतेच झाले होते. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी विचारले, "का रे, कॅन्सरची लस निघाली म्हणतात. तू कॉलेजात शिकतोस, खरं आहे का ते?" मी कलाशाखेचा विद्यार्थी, उत्तर देता आले नाही. पुढे वाचून आणि एका डॉक्टर स्नेह्यांना विचारून जे समजले, ते मित्रांपुढे ठेवीत आहे.

लस म्हटली की आपल्याला देवी, गोवर आठवतात. रोग येण्यापूर्वी टोचावयाची ती लस. ही लस मात्र रोग झाल्यावर द्यावयाची. आपल्या रक्तातील टी पेशी बिघडलेल्या पेशी शोधून मारतात. त्या ओळखतात कशा? पिंपळगावच्या मिरची बाजारात व्यापारी पोते रिकामे करीत नाही. मूठभर मिरची काढून पाहतो व मालाची पारख करतो. तशीच प्रत्येक पेशी आपल्या आतील प्रथिनांचे बारीक तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवते आणि टी पेशी ते तपासतात. कर्करोगाच्या पेशीत काही प्रथिने बदललेली असतात. हे बदललेले तुकडे लसीतून आधीच दाखवून टी पेशींना पारख शिकवावी, ही मूळ कल्पना.

यकृतात हे काम विशेष अवघड. आतड्यातून येणारे रक्त आधी यकृतात शिरते. त्यात अन्नाचे व जंतूंचे असंख्य अंश असतात. प्रत्येकाशी यकृत भांडू लागले तर जगणे कठीण! म्हणून या अवयवाचा स्वभावच सोशिक, आणि त्या सोशिकपणाचा फायदा गाठीला मिळतो. शिवाय गाठ टी पेशींवरील 'पीडी-१' नावाचा ब्रेकही दाबून धरते. हा ब्रेक शोधणारे जपानी शास्त्रज्ञ होंजो यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

म्हणून शिकवणी आणि ब्रेक सोडविणारे औषध दोन्ही एकत्र देऊन पाहिले गेले. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांसह केलेल्या अशा चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. प्रत्येक रुग्णाच्या गाठीतील बदल तपासून त्याच्यापुरती वेगळी लस बनविली होती. ३६ पैकी ११ रुग्णांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या; त्यांतील तिघांच्या दिसेनाशा झाल्या. नुसत्या औषधाने पूर्वी शंभरात सतरा-अठरा रुग्णांना गुण येत असे. पण तुलनेसाठी दुसरा गट या चाचणीत नव्हता, हेही सांगितले पाहिजे. वर्तमानपत्री मथळ्यांत ते येत नाही.

आपल्याकडे मुंबईची आय.आय.टी. व टाटा रुग्णालय यांच्या संशोधनातून आलेल्या 'नेक्सकार-१९' या उपचारास २०२३ साली परवानगी मिळाली. त्यात टी पेशी शरीराबाहेर काढून बदलतात. पण तो काही रक्ताच्या कर्करोगांसाठी आहे, यकृतासाठी नाही.

यकृतापुरती हाताशी असलेली लस जुनीच आहे. हिपॅटायटिस बी हा विषाणू यकृताच्या कर्करोगाचे एक मोठे कारण. तैवानने १९८४ पासून बालकांना त्याची लस दिली आणि नंतरच्या पिढीत हा कर्करोग घटला. आपल्या सरकारी दवाखान्यांत ती बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत व पुढे सहा, दहा, चौदा आठवड्यांनी फुकट मिळते. मामांच्या रक्तात हाच विषाणू निघाला होता. घरातील सर्वांनी रक्त तपासून घ्यावे, असे डॉक्टरांनी बजावले.

हे सारे मामांना सांगितले. "म्हणजे माझ्यासाठी नाही ती अजून," ते म्हणाले. मी मान हलवली. मग त्यांनी मामीला हाक मारून नातवाचे लसीचे कार्ड मागविले आणि मला तारखा वाचावयास सांगितल्या.