जाड पिशवीची पळवाट

सप्टेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी दुकानांतल्या प्लॅस्टिक पिशव्या बंद करणाऱ्या एसबी १०५३ या कायद्यावर सही केली. ही बंदी तर तिथे दहा वर्षांपूर्वीच आली होती, असा सार्वत्रिक समज होता. वस्तुस्थिती वेगळी आहे. २०१४ च्या एसबी २७० ने फक्त पातळ पिशव्या बंद केल्या. सुमारे ५७ मायक्रॉन जाडीची आणि दहा किलो सामान १२५ वेळा वाहून नेईल अशी पिशवी ‘पुनर्वापराची’ ठरवून किमान दहा सेंटला विकायला मुभा ठेवली. विधिमंडळात मतदान झाले की विषय संपतो, हाही गैरसमजच. पिशव्या बनवणाऱ्या कंपन्यांनी सार्वमताची मागणी रेटल्यामुळे हा कायदा नोव्हेंबर २०१६ पर्यंत अडकून पडला. सुमारे ५३ टक्के मतदारांनी कौल दिला तेव्हा कुठे तो लागू झाला.

खरी गोम त्या १२५ वेळांच्या अटीत होती. पिशवी तितकी टिकेल का, हे प्रयोगशाळेत तपासता येते. गिऱ्हाईक ती तितक्यांदा वापरेल का, हे कोणताही कायदा ठरवू शकत नाही. दूध, पाव, अंडी घेऊन गल्ल्यावर आलेला माणूस पिशवी घरी विसरलेला असे. तो दहा सेंट देई, पिशवी घरी नेई, आणि ती त्याच आठवड्यात कचऱ्यात जाई, फक्त तिच्यात आधीपेक्षा कितीतरी जास्त प्लॅस्टिक असे. राज्याच्याच आकडेवारीनुसार फेकलेल्या दुकानी प्लॅस्टिक पिशव्यांचे वजन २०१४ मध्ये १,५७,३८५ टन होते, ते २०२२ मध्ये २,३१,०७२ टन झाले. या काळात लोकसंख्या फारशी बदललेली नव्हती. यावर एक आक्षेप रास्त आहे: वजन वाढले म्हणजे पिशव्यांची संख्या वाढली असे नव्हे, आणि किनारा स्वच्छतेत सापडणाऱ्या पिशव्या तर कमी झाल्या. हे मान्यच करायला हवे. वाऱ्याने उडणारी, समुद्रात जाणारी पातळ पिशवी हटली, हा जुन्या कायद्याचा खरा लाभ. पण कचरा कमी करणे हाही त्याचा हेतू होता, आणि तिथे तो उलटला.

ग्राहकाच्या बाजूनेही दोन समज तपासायला हवेत. ते दहा सेंट सरकारच्या पर्यावरण निधीत जातात, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ते दुकानाकडेच राहतात. हे पैसे वन्यजीव निधीकडे वळवण्याचा प्रस्तावही २०१६ मध्ये मतदानाला आला होता. तो पिशवी उद्योगानेच पुढे केला होता आणि मतदारांनी तो फेटाळला. दुसरा समज असा, की पिशवीवर पुनर्चक्रीकरणाचे चिन्ह आहे म्हणजे तिचे पुनर्चक्रीकरण होते. असे पापुद्र्यासारखे प्लॅस्टिक कचरा वेगळा करणाऱ्या यंत्रांच्या फिरत्या चाकांना गुंडाळले जाते आणि यंत्र थांबवावे लागते. म्हणूनच राज्याच्या ॲटर्नी जनरलनी २०२२ मध्ये उत्पादकांकडे त्या दाव्याचे पुरावे मागितले. ग्राहकाने विश्वासाने दिलेल्या पैशाला जे चिन्ह आधार देते, ते खरे असलेच पाहिजे. माझ्या मते हा पर्यावरणाइतकाच ग्राहकहक्काचा प्रश्न आहे.

एसबी १०५३ ने १ जानेवारी २०२६ पासून गल्ल्यावरची जाड प्लॅस्टिक पिशवीही बंद केली. कागदी मिळते, तीही विकत. कागद काही निर्दोष नाही, त्यालाही पाणी आणि ऊर्जा लागते. म्हणून २०२८ पासून त्या पिशवीत निम्मा तरी पुनर्वापरातला कागद असण्याची अट आहे. भाजी-फळे भरायच्या आतल्या पिशव्यांना मात्र या कायद्याची बंदी लागू नाही.

महाराष्ट्रात हा घोळ वेगळ्या रूपात दिसतो. केंद्राच्या नियमांत कॅरीबॅगची किमान जाडी आधी ७५ आणि डिसेंबर २०२२ च्या अखेरीपासून १२० मायक्रॉन झाली, त्यामुळे ‘जाड असेल तर चालते’ असे आपल्याकडे सर्रास ऐकू येते. आपल्या राज्याच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेत कॅरीबॅगची बंदी जाडीवर अवलंबून नाही. तेव्हा दुकानदार ‘ही जाड आहे, घ्या’ म्हणाला, तर ती घेऊ नका.