दप्तरात न दिसणारं कर्ज

गंगाखेड तालुक्यातल्या एका गावात, नुकतीच पीएच.डी. झालेल्या एका अर्थशास्त्रज्ञ मुलीबरोबर मी घरोघर हिंडलो. तिचा विषय ग्रामीण पतपुरवठा. पण ‘कर्ज किती?’ हे ती सुरुवातीला विचारतच नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘‘कोणाचं नाई बघा ताई.’’

ती पेरणीपासून सुरू करते. बियाणं, खत कुठून आणलं? कृषी सेवा केंद्रातून. रोखीनं की उधारीवर? उधारीवर, सोयाबीन आडतीला गेलं की चुकतं करायचं. रोखीत पिशवी कितीला मिळाली असती? इथं घरधनी जरा थांबतो, मग आकडा सांगतो. दोन भावांतला फरक म्हणजे व्याजच, आणि ती तो निमूट लिहून घेते.

मग दिवाळीनंतरचं. कारखान्यावर कोण जातं? नवरा-बायको दोघं, एक कोयता. मुकादमाची उचल घेतली? घेतली की! ती कर्जात कुणीच धरत नाही, कारण फेडायची असते ऊस तोडून. हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. बँकेच्या दप्तरात या जोडप्याच्या नावावर एक रुपया नसतो.

बचत गटाचं बायका मोकळेपणानं सांगतात. फायनान्सवाल्यांच्या आठवड्याच्या हप्त्याचं मात्र सासू चहा टाकायला आत गेली की मगच निघतं. तोवर ही मुलगी पोरांच्या शाळेचं विचारत बसते. माझ्या मते तिचं निम्मं शास्त्र या बसण्यात आहे.

अशाच विचारपुशीतून रिझर्व्ह बँकेची 1951-52 ची ग्रामीण पतपाहणी उभी राहिली. शेतकऱ्याच्या कर्जात सावकारांचा वाटा सुमारे 70 टक्के आणि सहकारी संस्थांचा जेमतेम 3.1 टक्के, हे तिच्यामुळे देशाला आकड्यांत कळलं. तिच्या समितीत धनंजयराव गाडगीळ होते. 1955 साली इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली, ती याच समितीच्या शिफारशीवरून.

आज मात्र तरुण अर्थतज्ज्ञांना पुरस्कार मिळतात ते अशा विचारपुशीवर नाही, छापलेल्या निबंधांवर. निवड समित्यांनी निबंधाबरोबर त्यांच्या गावोगावच्या वह्याही मागवून वाचाव्यात.