विश्लेषण : गाडीवरील ‘ग्लेझ’ ओरखडे घालवते की नुसते झाकते?

गडद रंगाची गाडी सावलीत छान दिसते, मात्र उन्हात आणली की बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे उमटतात. ग्लेझचा हात फिरवला की ते तासाभरात दिसेनासे होतात आणि काही धुण्यांनंतर पुन्हा दिसू लागतात. असे का होते, आणि जुनी गाडी घेणाऱ्याने यातून काय लक्षात घ्यावे, याविषयी...

ओरखडे येतात कशामुळे?

बहुतांश आधुनिक गाड्यांच्या रंगावर ‘क्लिअर कोट’ हा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे सामान्यतः माणसाच्या केसापेक्षाही कमी. सोसायटीत रोज सकाळी धुळीने माखलेल्या गाडीवर फडका फिरवला जातो, तेव्हा धुळीचे कण याच थरावर घासले जातात. ओरखडे खरे तर सर्व दिशांना असतात. पण प्रकाशाच्या ठिपक्याभोवती आडवे येणारेच चमकतात, म्हणून ते गोल भासतात.

पॉलिश, वॅक्स आणि ग्लेझ यांत फरक काय?

पॉलिशमधील बारीक अपघर्षक कण क्लिअर कोट किंचित घासून सपाट करतात. ओरखडा खरोखर कमी होतो, पण थरही पातळ होतो. वॅक्स वरून संरक्षक लेप देते. ग्लेझमध्ये मुख्यतः तेलकट घटक आणि खाचा भरणारे पदार्थ असतात. खाच भरली की प्रकाश विखुरत नाही आणि रंग खोल, ओलसर दिसतो. काही ग्लेझमध्ये सौम्य अपघर्षकही असतात, त्यामुळे बाटलीवरील सूचना वाचलेली बरी. नखाला लागेल इतका खोल ओरखडा मात्र ग्लेझने लपत नाही.

हाताने लावण्याची पद्धत कोणती?

गाडी धुऊन, पूर्ण कोरडी करून सावलीत घ्यावी; पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. मऊ स्पंजवर थोडेसेच ग्लेझ घेऊन एका वेळी साधारण दोन फूट लांब-रुंद भागावर, हलक्या हाताने, एकमेकांवर येणाऱ्या फेऱ्यांत पसरवावे. जाड थराने चमक वाढत नाही, पुसण्याचे कष्ट वाढतात. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर पांढरे डाग राहू शकतात, म्हणून त्या आधी चिकटपट्टीने झाकाव्यात.

पुसून कसे काढावे?

काही ग्लेझ लगेच पुसायचे असते, काही धुरकट झाल्यावर. स्वच्छ मायक्रोफायबर कापडाची चौपदरी घडी करून जोर न देता पुसावे आणि बाजू बदलत राहावी. कापड जमिनीवर पडले तर ते पुन्हा वापरू नये. त्याला चिकटलेली माती नवे ओरखडे पाडते. ग्लेझ वाळून चिकटले असेल तर त्यावरच थोडे ताजे ग्लेझ लावून लगेच पुसावे. पाऊस आणि शाम्पूसमोर ते फार टिकत नाही, म्हणून वरून साधे वॅक्स लावतात. घासून साफ करणारे ‘क्लीनर वॅक्स’ वापरले तर खालचे ग्लेझही निघून जाते.

सिरॅमिक कोटिंग करायचे असेल तर?

तेव्हा ग्लेझ पूर्ण काढावे लागते. तेलकट थर राहिल्यास कोटिंग क्लिअर कोटला नीट धरत नाही. त्यासाठी पाण्यात मिसळलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. ते हवेशीर जागी, आगीपासून दूर आणि आधी एका कोपऱ्यात लावून पाहावे.

जुनी गाडी घेताना काय पाहावे?

शोरूमच्या मंद उजेडातील चकाकीवर विसंबू नये. गाडी थेट उन्हात किंवा मोबाइलच्या टॉर्चखाली पाहावी, आणि शक्य असल्यास विक्रेत्याच्या परवानगीने बोनेटचा एक कोपरा त्याच अल्कोहोलच्या मिश्रणाने पुसून पाहावा. ओरखडे उमटले तर पुढच्या पॉलिशचा खर्च किमतीत धरावा.

स्वतःच्या गाडीसाठी मात्र ग्लेझ ही फसवणूक नव्हे. पॉलिशने झिजलेला क्लिअर कोट परत मिळत नाही. त्यामुळे बारीक ओरखड्यांसाठी दरवेळी पॉलिश करण्यापेक्षा ते झाकणे अनेकदा शहाणपणाचे ठरते. आणि सकाळचा कोरडा फडका थांबवला, तर झाकायची वेळही कमी येते.