दीड सेंटिमीटरचा भरवसा

छातीइतक्या उंच खडकाच्या कडेवर ट्रायल्सचा खेळाडू केवळ मागच्या चाकावर सायकल तोलून उभा राहतो आणि समोरच्या दुसऱ्या खडकाचा अंदाज घेऊ लागतो, तेव्हा त्याच्या सायकलीला बसायला बैठक नसते, मागचा ब्रेक त्याने एका बोटाने घट्ट आवळलेला असतो, आणि पुढे जे काही घडायचे ते पायडलच्या पाव फेऱ्यात किंवा त्याहूनही थोडक्यात घडायचे असते. ब्रेक सुटतो, त्याच क्षणी पाय सर्व वजनानिशी पायडलवर पडतो आणि सायकल हवेत जाते. पायाचा हा हुकूम चाकापर्यंत बिनचूक पोचवण्याची जबाबदारी तळहातात मावणाऱ्या एका फ्रीव्हीलवर असते. म्हणून त्याची निवड करताना आणि ते वेळेवर बदलताना खेळाडूने तिळमात्र हयगय करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा खेळ मूळचा स्पेनमधील कातालोनियाचा. मोन्तेसा मोटरसायकलींशी निगडित असलेले पेरे पी यांचा मुलगा ओत पी मोटरसायकलवरच्या ट्रायलच्या कसरती बिनइंजिनाच्या लहान सायकलीवर करू लागला, त्यातून ‘त्रिआलसिन’, म्हणजे मोटरविना ट्रायल, हा प्रकार आकाराला आला, आणि पुढे ओत स्वतः विश्वविजेता झाला. स्कॉटलंडच्या स्काय बेटावरील डॅनी मॅकॅस्किलने एडिंबरोच्या भिंतींवर आणि कठड्यांवर केलेल्या करामतींची चित्रफीत २००९ साली जगभर पाहिली गेली, तेव्हापासून ज्यांनी सायकलीचा असा उपयोग कधी कल्पिलाही नव्हता त्यांनाही तो ठाऊक झाला.

आपल्या नित्याच्या सायकलीचे फ्रीव्हील मागच्या चाकाच्या हबवर बसवलेले असते. त्याच्या बाहेरच्या कड्याला आतून करवतीसारखे दाते असतात, आतल्या गाभ्यावर स्प्रिंगच्या जोरावर उचललेले खटके असतात (दुरुस्तीच्या दुकानांत हिंदी बोलणारे कारागीर त्यांना ‘कुत्ते’ म्हणतात), आणि पाय थांबले की हे खटके दात्यांवरून घसरत जो आवाज करतात, तो आपल्या सर्वांच्या कानांत लहानपणापासून बसलेला आहे. ट्रायल्सच्या पुष्कळ सायकलींत मात्र हे फ्रीव्हील मागे नसून पुढे, उजव्या क्रँकवर असते. वीस इंची चाकाच्या सायकलीला साधारणतः पुढे १८ आणि मागे १२ दाते ठेवतात, सव्वीस इंचीला पुढे १८ आणि मागे १५. बारा दात्यांच्या चिमुकल्या चक्राच्या पोटात आटे, छर्रे आणि खटके असा सगळा संसार मावणे शक्य नाही. अठरा दात्यांच्या पोटात तो मावतो, आणि पुढचे चक्र तरीही एवढे लहान राहते की ते खडकावर सहसा टेकत नाही. या रचनेत पाय स्थिर असतानाही चाकाबरोबर चेन फिरत राहते, एवढे मात्र ध्यानी ठेवून सैल विजारीचा आणि बोटांचा बंदोबस्त आधीच करावा.

आता निवडीचा मुद्दा. फ्रीव्हील एका फेऱ्यात किती ठिकाणी पकड घेते, हा आकडा विक्रेता प्रथम सांगतो, आणि तो आकडा म्हणजे प्रत्यक्षात काय, हे पट्टीने मोजून पाहण्यासारखे आहे. क्रँकची लांबी १७० मिलिमीटर धरली, तर अठरा ठिकाणी पकड घेणाऱ्या साध्या फ्रीव्हीलमध्ये खटका अडकेपर्यंत पाय जवळजवळ सहा सेंटिमीटर पोकळीत खाली जाऊ शकतो. ज्याचा सगळा जोर पाव फेऱ्यात सामावलेला आहे, त्याच्या दृष्टीने ही पोकळी म्हणजे पायाखालची पायरीच नाहीशी होणे होय. ७२ ठिकाणी पकड असेल तर हे अंतर दीड सेंटिमीटरवर येते, आणि १०८ ठिकाणी असेल तर एकावर. म्हणजे साध्यावरून बहात्तरवर जाण्यात साडेचार सेंटिमीटरांची कमाई आहे, आणि तिथून एकशे आठवर जाण्यात केवळ अर्ध्याची.

ही अर्ध्याची कमाई फुकट मिळत नाही. अठरा दात्यांच्या चक्राची त्रिज्या सुमारे ३६ मिलिमीटर असते, सबब पायाचा जोर चेनवर साडेचार पटींहून अधिक होऊन येतो. सत्तर किलोंचा माणूस नुसता पायडलवर उभा राहिला तरी चेनवर सव्वातीनशे किलोंचा ताण पडतो, मग उसळी मारताना तो किती चढत असेल! खटके तर अक्षाच्या आणखी जवळ, तेव्हा त्यांच्या वाट्याला याहूनही अधिक येते. पकडीची ठिकाणे वाढवायची म्हणजे एक तर दाते बारीक करायचे, नाही तर खटके एकाआड एक बसवून एका वेळी त्यांतल्या थोड्यांवरच सगळा भार टाकायचा, याखेरीज तिसरी तजवीज सहसा नसते. म्हणून नवशिक्याने किंवा अंगापिंडाने भरलेल्या खेळाडूने बहात्तरच्या आसपास थांबावे आणि उरलेला पैसा पोलादाच्या दर्जावर खर्च करावा, असे मी सांगेन. कॅलिफोर्नियातील व्हाइट इंडस्ट्रीजच्या ईनो या फ्रीव्हीलला खेळाडूंत मान आहे, तो त्याच्या ७२ च्या आकड्याइतकाच ते उघडून साफ करता येते आणि त्याचे बेअरिंग बदलता येते यामुळे.

फ्रीव्हील निकामी होऊ लागल्याची पहिली खबर कानाला लागते: आवाजाची लय मध्येच तुटते, एखादा ठोका गळतो. त्यानंतर जोर दिला असता पाय क्षणभर निसटतो, आणि या दुसऱ्या खुणेनंतर त्याच फ्रीव्हीलवर उंचावर चढणे हा अविचार होय. दोष ठरवण्यापूर्वी चेन मात्र अवश्य मोजावी. बारा इंचांची चेन एक अष्टमांश इंचाने लांबलेली आढळली, तर निसटण्याचे कारण बहुधा चक्रांच्या झिजलेल्या दात्यांतही असते, आणि तेव्हा चेन व मागचे चक्रही बदलावे लागते. ग्रीसचीही एक कैफियत आहे. मी स्वतः एका हिवाळ्यात आत घट्ट ग्रीस भरले आणि फ्रीव्हील छान शांत झाले म्हणून समाधान मानले. ती शांतता खटके चिकटून बसल्याची होती, हे पोटरीवर पायडल आपटून रक्त आले तेव्हा समजले. खटक्यांना पातळ तेल पुरते.

जुने फ्रीव्हील काढणे हे या कामातील सर्वांत कष्टाचे प्रकरण, कारण प्रत्येक उसळीने ते आट्यांवर अधिकाधिक आवळले गेलेले असते. प्रथम क्रँक पुलरने ओढून काढून घ्यावा. फ्रीव्हीलच्या तोंडावरील खाचांत नेमका बसेल असा पाना घ्यावा, तो निसटू नये म्हणून बोल्टने हलकेच दाबून ठेवावा, आणि पाना व्हाइसमध्ये उभा आवळून वर आडवा राहिलेला क्रँकच तरफेसारखा दोन्ही हातांनी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावा. बराच वेळ काहीच होत नाही, आणि मग एकाएकी कडकन आवाज येऊन हात सैल पडतात. त्याच क्षणी थांबून बोल्ट ढिला करावा. तसाच फेरा दिला तर सुटू पाहणारे फ्रीव्हील बोल्टालाच जाऊन भिडते आणि पुन्हा अडते. खाचा आधीच तुटलेल्या असतील तर दोन भोकांचे झाकण उघडण्याचा इलाज उरतो. त्याचे आटे उलटे असतात, तेव्हा ते घड्याळाच्या दिशेने सुटते, आणि सुटताच बारीक छर्रे सांडतात, म्हणून खाली फडके पसरलेले असावे.

नवे बसवण्यापूर्वी क्रँकचे आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करून त्यांना ग्रीस लावावे. क्रँक ॲल्युमिनियमचा, फ्रीव्हील पोलादाचे. आटा वाकडा बसला तर मऊ धातूचा नाश होतो आणि मग क्रँकच बदलावा लागतो. म्हणून पहिले तीन-चार फेरे केवळ बोटांनी द्यावेत, आणि जरा जरी अडले तरी परत फिरवून नव्याने सुरुवात करावी. हाताने पूर्ण बसले की पाना लागत नाही, पुढचे आवळणे पायच करतात. क्रँक जागेवर चढवून चेन ताणल्यावर दोन्ही चक्रे एका रेषेत आहेत की नाहीत हे मागून एक डोळा मिटून पाहावे, आणि मग सपाट जमिनीवर किंवा एखाद्या साध्या चढावर पायडलवर उभे राहून सावकाश काही फेरे मारावेत. या फेऱ्यांत फ्रीव्हील आपल्या आट्यांवर शेवटचे थोडेसे सरकते, ते पायाला स्पष्ट जाणवते. ते सरकणे पूर्ण थांबले, की सायकल खडकांकडे वळवावी.